माउंटन बाइकचा फोर्क बदलताना: आपल्या फ्रेमला बसेल असा सस्पेन्शन फोर्क कसा निवडावा

फोर्क बदलायचं ठरलं की बहुतेकजण आधी ट्रॅव्हलचा, म्हणजे फोर्क किती दबतो त्याचा, आकडा बघतात. आत्ता १०० मिमी आहे, मग १४० चा घेऊ, असा हिशेब असतो. ट्रॅव्हल ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे आणि बहुतेक सायकलींवर तो आहे तेवढाच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी चार-पाच मापं जुळावी लागतात. त्यातलं एक जरी चुकलं तरी महागातला महाग फोर्क खोक्यातच पडून राहतो. म्हणून दुकानात जाण्याआधी किंवा ऑनलाइन शोध सुरू करण्याआधी आपल्या सायकलची मापं घ्यावीत.

लागतं फार थोडं: व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, कागद-पेन आणि सायकलच्या मॉडेलचं नाव व वर्ष. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा जिऑमेट्रीचा तक्ता मिळाला तर निम्मं काम झालं. तरीही मोजून खात्री करावी, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदलतात.

पहिली पायरी: हेड ट्यूब

सर्वात जास्त वेळ इथे द्या. फोर्कच्या वर जी लांब नळी असते ती स्टिअरर. ती फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीतून, म्हणजे हेड ट्यूबमधून, वर येते आणि तिच्यावर हँडलबार धरणारा स्टेम बसतो. आजच्या माउंटन बाइकवर मुख्यतः दोन प्रकारचे स्टिअरर दिसतात. सरळ स्टिअरर वरपासून खालपर्यंत १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिमी जाडीचा असतो. टेपर्ड स्टिअरर वर तेवढाच, पण खाली क्राउनपाशी (फोर्कचे दोन पाय जिथे जोडलेले असतात तिथे) दीड इंचापर्यंत रुंद होतो. दोघांचं वरचं टोक सारखंच असल्यामुळे फक्त स्टेम काढून बघितलं तर फरक कळत नाही. खाली बघावं लागतं. हेडसेटची, म्हणजे स्टिअरर ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या संचाची, खालची रिंग जिथे बसते ती जागा सरळ स्टिअररवर ३० मिमी आणि टेपर्डवर ३९.८ मिमी असते.

जुन्या किंवा अगदी साध्या सायकलींवर स्टिअररला वरच्या बाजूने आटे असतात आणि स्टेम नळीच्या आत घुसलेला असतो. तसं असेल तर फोर्कबरोबर हेडसेट आणि स्टेमही बदलावा लागेल. स्टिअरर एक इंची निघाला, तर नवा सस्पेन्शन फोर्क शोधण्यापेक्षा फ्रेमचाच विचार करणं शहाणपणाचं.

आता हेड ट्यूबचा आतला व्यास. हेडसेटच्या कपांवर किंवा बेअरिंगवर बऱ्याचदा खुणा छापलेल्या असतात. ईसी म्हणजे कप फ्रेमच्या बाहेर दिसतो, झेडएस म्हणजे कप आत गेलेला, आणि आयएस म्हणजे कपच नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं. त्यापुढचा आकडा फ्रेमच्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो. खुणा नसतील तर हेडसेट उघडून व्हर्निअरने मोजा.

भोक वर-खाली ३४ मिमीचं असेल, तर फक्त सरळ स्टिअरर बसेल. टेपर्ड फोर्क त्यात बसवण्यासाठी कुठलाही अडॅप्टर नाही. तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. दोन्हीकडे ४४ मिमी असेल तर तुम्ही नशीबवान आहात. वर झेडएस४४ आणि खाली ईसी४४/४० (४० म्हणजे फोर्कवर रिंग बसते त्या जागेचं माप) असा हेडसेट घातला की टेपर्ड फोर्क बसतो. मात्र खालचा कप बाहेर येत असल्यामुळे सायकलचा पुढचा भाग साधारण एक सेंटीमीटर उंचावतो. ही उंची लक्षात ठेवा, पुढे हिशेबात धरायची आहे. खालचं भोक ४९, ५२ किंवा ५६ असेल, तर फ्रेम बहुधा टेपर्डसाठीच बनली आहे.

उलट दिशेने जाणं सोपं असतं. टेपर्ड फ्रेममध्ये सरळ स्टिअररचा फोर्क घालायचा असेल तर खालच्या बाजूला ३० मिमीची रिड्यूसर रिंग किंवा तसा हेडसेट मिळतो. पण तशी गरज क्वचितच पडते, कारण चांगले फोर्क आता मुख्यतः टेपर्डच बनतात.

३४ मिमीच्या फ्रेमवाल्यांनी निराश होऊ नये. रॉकशॉक्सच्या जुडी आणि रीकॉन मालिकांत, तसंच एसआर सनटूरच्या एअर स्प्रिंगवाल्या काही फोर्कमध्ये सरळ स्टिअररची आवृत्ती येते. सनटूरच्याच एक्ससीटीसारख्या मूळ कॉइल (धातूच्या स्प्रिंगच्या) फोर्कवरून यांच्यावर आलात तर फरक पहिल्याच उतारावर जाणवतो.

दुसरी पायरी: स्टिअररची लांबी

नव्या फोर्कचा स्टिअरर लांब येतो आणि तो कापायचा असतो, त्यामुळे तिथे चिंता नाही. वापरलेल्या फोर्कचा मात्र आधीच कापलेला असतो, आणि कापलेला स्टिअरर वाढत नाही. किती हवा ते असं काढा: हेड ट्यूबची लांबी, अधिक हेडसेटचा खाली व वर बाहेर राहणारा भाग, अधिक स्पेसर, अधिक स्टेमची उंची, वजा ३ मिमी. उदाहरणार्थ, हेड ट्यूब ११५, खालचा कप १२, वरचं झाकण १०, स्पेसर २० आणि स्टेम ४० असेल तर बेरीज १९७ आणि स्टिअरर १९४ मिमी. तीन मिलिमीटर वजा करायचे कारण टॉप कॅपने (स्टेमवर बसणाऱ्या टोपीने) बेअरिंगवर दाब द्यायचा, तर स्टिअरर स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा थोडा खाली राहावा लागतो.

लांबी थोडी कमी पडत असेल तर स्पेसर काढून जुळवता येतं. पण स्टेमची पकड स्टिअररच्या पूर्ण उंचीवर बसत नसेल तर तो फोर्क सोडून द्या. हँडलबार उतारावर सुटला तर काय होईल याचा विचार करा.

तिसरी पायरी: चाक आणि एक्सल

चाकाचा आकार टायरच्या बाजूवर छापलेला असतो. ५७-६२२ अशा जोडीतला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास. ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५ आणि ६२२ म्हणजे २९. फोर्क त्याच आकाराचा घ्यावा. २६ इंचीसाठी चांगले नवे फोर्क आता फार कमी मिळतात, त्यामुळे बरेचजण २७.५ चा फोर्क लावतात. डिस्क ब्रेक असेल तर हे चालतं, कारण ब्रेकच्या कॅलिपरची जागा एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) ठरते, टायरपासून नाही. पण फोर्कची उंची वाढते, ते पुढे बघूच. रिम ब्रेक असेल तर हा मार्ग बंद.

एक्सलचे प्रकार पुढच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बघून लिहून घ्या. साध्या सायकलींवर ९ बाय १०० मिमीचं क्विक रिलीज (छोट्या दांडीने पटकन सुटणारं) असतं. त्याच्या वरच्या वर्गात १५ बाय १०० चा थ्रू-एक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड एक्सल), आणि सध्याचे बहुतेक नवे फोर्क १५ बाय ११० चे, ज्याला बूस्ट म्हणतात. उतारावरच्या मोठ्या सायकलींना २० मिमीचा एक्सलही असतो.

अनेकांचा इथे खर्च वाढतो. क्विक रिलीजचं चाक थ्रू-एक्सलच्या फोर्कमध्ये बसत नाही. सीलबंद बेअरिंगच्या काही हबना दोन्ही बाजूंच्या टोप्या बदलून १५ मिमीचं करता येतं. सुट्या छऱ्यांच्या साध्या हबला ते शक्य नाही. तिथे नवा हब किंवा पूर्ण पुढचं चाकच घ्यावं लागतं. १५ बाय १०० चा हब बूस्ट फोर्कमध्ये बसवायचा असेल तर दोन्हीकडे ५-५ मिमीचे स्पेसर आणि रोटरखाली (डिस्क ब्रेकच्या तबकडीखाली) ५ मिमीची चकती असा संच मिळतो, आणि तो नीट चालतो. बूस्ट हब मात्र १०० च्या फोर्कमध्ये मावत नाही. तेव्हा फोर्कची किंमत ठरवताना चाकाचा खर्चही त्याच कागदावर मांडा.

टायर रुंद असेल तर फोर्कच्या पुस्तिकेत कमाल रुंदी बघा. चिखलात चालवणाऱ्यांनी त्याहून कमीच धरावी.

चौथी पायरी: ब्रेक

ब्रेकचा कॅलिपर बसवायला आताच्या फोर्कवर जवळजवळ नेहमी पोस्ट माउंट असतो. त्याच्या दोन भोकांतलं अंतर ७४ मिमी. जुन्या आयएस माउंटवर (हेडसेटचा आयएस वेगळा) ५१ मिमी असायचं. बघायचं ते एवढंच की पोस्ट माउंट थेट किती मिमीच्या रोटरसाठी आहे. १६० च्या माउंटवर अडॅप्टर लावून १८० चा रोटर चालतो, पण १८० च्या माउंटवर १६० चा रोटर बसत नाही. रॉकशॉक्स झेबसारख्या मोठ्या फोर्कवर तर माउंट थेट २०० चा असतो. वरची मर्यादाही असते, ती ओलांडू नका. व्ही-ब्रेक लावायचे खुंट नव्या फोर्कवर मिळणं कठीण.

पाचवी पायरी: उंची, आणि मग ट्रॅव्हल

एक्सलच्या मध्यापासून क्राउनवर हेडसेटची रिंग बसते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे फोर्कची उंची. कंपन्या तिला ए टू सी म्हणतात. दोन फोर्कचा ट्रॅव्हल सारखा असूनही ही उंची दहा-पंधरा मिमीने वेगळी असू शकते. म्हणून तुलना याच आकड्याची करा.

उंची वाढली की संपूर्ण सायकल मागच्या एक्सलभोवती मागे झुकते. पुढचा भाग २० मिमीने उंचावला तर हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, साधारण १ अंशाने कमी होतो आणि क्रँकचा मध्य ७ मिमीच्या आसपास वर जातो. सीट अँगलही तेवढाच मागे पडतो, म्हणजे चढावर पुढचं चाक आपोआप उचललं जाऊ लागतं आणि वळणावर सायकल रेंगाळते. उतारावर स्थिरता थोडी वाढते हे खरं. पण १०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावला तर ती चांगली उतारी सायकल होत नाही, आणि चढावरही आधीसारखी राहत नाही.

याहून गंभीर गोष्ट हेड ट्यूबवरच्या ताणाची. लांब फोर्क म्हणजे लांब तरफ, आणि प्रत्येक धक्क्याचा जोर डाउन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून क्रँककडे जाणाऱ्या नळीच्या) जोडावर येतो. फ्रेमच्या कंपनीने कमाल ट्रॅव्हल किंवा उंची सांगितलेली असते. ती ओलांडली तर वॉरंटी जाते, आणि फ्रेम तडकण्याचा धोका वाढतो. १० मिमी वाढ बहुतेक ठिकाणी चालते, २० ला कंपनीची परवानगी बघा, त्यापुढे जाऊ नका. ४४ मिमीच्या हेड ट्यूबला बाहेरचा खालचा कप लावला असेल, तर त्याची उंचीही याच बेरजेत येते.

ऑफसेटवर, म्हणजे एक्सल स्टिअररच्या रेषेच्या किती पुढे आहे यावर, बरीच चर्चा चालते. २९ साठी ५१, ४४ किंवा ४२ आणि २७.५ साठी ४४ किंवा ३७ मिमी हे आकडे दिसतील. मूळ फोर्कच्या जवळचा घ्यावा. सहा-सात मिमीच्या फरकाने सायकल बिघडत नाही, तेव्हा बाकी सगळं जुळणारा फोर्क यासाठी सोडू नये.

पैसे कशावर लावावेत

मापं जुळणारे दोन-तीन फोर्क समोर आले की आतलं यंत्र बघा. स्वस्त कॉइल फोर्कमध्ये बऱ्याचदा रिबाउंड (दबल्यावर परत येण्याचा वेग) जुळवायची सोयच नसते, म्हणून तो दबतो आणि उसळून परत येतो. चांगल्या डॅम्परचा (हा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा) फोर्क दबल्यावर शांतपणे वर येतो आणि पुढचा टायर जमिनीला चिकटून राहतो. पकड तिथून येते, ट्रॅव्हलच्या आकड्यातून नाही. एअर स्प्रिंगमध्ये हवा कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो आणि सायकल अर्धा किलोपर्यंत हलकी होऊ शकते. जड चालकांनी किंवा खडकाळ वाटेने जाणाऱ्यांनी स्टँचनची (फोर्कच्या पायांतल्या वरच्या गुळगुळीत नळ्यांची) जाडीही बघावी: ३०-३२ मिमीपेक्षा ३४-३५ मिमीचा फोर्क ब्रेक मारताना कमी वाकतो.

वापरलेला फोर्क घेणार असाल तर स्टँचनवर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा सीलच्या वाटेत असेल तर तेल गळणारच. स्टिअरर आणि क्राउनच्या जोडातून करकर येत असेल तर तो फोर्क घेऊ नका. ती जोडणी कारखान्यात दाबून केलेली असते, घरी दुरुस्त होत नाही.

बसवताना

स्टिअरर कापताना दोनदा मोजा आणि पहिल्यांदा एखादा जास्तीचा स्पेसर ठेवूनच कापा, कमी करायची संधी पुढेही असते. खालची रिंग पूर्ण टेकली आहे का, बारीक फट राहिली नाही ना, हे उजेडात बघा. आधी टॉप कॅप घट्ट करून हेडसेटचा खेळ काढायचा आणि मगच स्टेमचे बोल्ट, तेही स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कनुसार.

मग सगळी हवा सोडून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर क्राउनला घासतो का ते बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा; डाउन ट्यूब सरळ असलेल्या काही फ्रेमवर क्राउनच्या घुंड्या आपटतात. हे तपासून झाल्यावर हवा भरून सॅग (सायकलवर बसल्यावर फोर्क जेवढा दबतो ते अंतर) लावा: क्रॉस कंट्रीसाठी ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, खडबडीत वाटांसाठी २५ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या फेरीनंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हेडसेटमध्ये खटका जाणवला तर स्टेम सैल करून टॉप कॅप पुन्हा जुळवा, कारण नवी रिंग आणि कप पहिल्या धक्क्यांनी थोडे बसतातच.