मासे का मरतात? घरच्या फिश टँकमध्ये या चुका टाळा

रविवारी नाश्ता आटोपला की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत फिश टँकची सफाई निघते. मासे बादलीत जातात, पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना. रंगीत खडे परातीत घेऊन खळखळून धुतले जातात आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळला जातो. काच पुसून टँक काठोकाठ भरला की तो नव्यासारखा लखलखतो. मंगळवारी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, बुधवारी एखादा तरंगतो आणि खापर फुटतं दुकानदारावर, की त्याने रोगट मासे दिले. मासे बहुतेक वेळा धडधाकट असतात. त्यांचा जीव जातो तो या सफाईने.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि तळाशी उरलेले दाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. त्याला रंग नाही. पाणी नितळ दिसत असतानाही तो माशाचे कल्ले जाळत असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, टँकचा तोच आधार आहे. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला की तो थर गेला आणि खडेही त्याच दिवशी धुतले तर उरलंसुरलंही संपलं.

म्हणून टँक कधीही पूर्ण रिकामा करू नका. आठवड्याला साधारण पाव पाणी बदला. सायफनची नळी खड्यांत फिरवली की तळाची घाण त्याच पाण्याबरोबर निघून येते, खडे बाहेर काढावे लागत नाहीत. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा हलकेच पिळा. साबण किंवा भांड्यांची पावडर टँकच्या जवळपासही नको.

नव्या टँकची चूक याच जातीची. टँक, खडे, फिल्टर आणि मासे एकाच संध्याकाळी घरी येतात. त्या दिवशी फिल्टरमध्ये जिवाणू नसतातच. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर दाणे टाका आणि टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वर जाऊन मग शून्यावर आले की मासे आणा, तेही थोडे थोडे. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुना टँक असेल तर त्याचा वापरातला स्पंज मागून आणा. निम्मं काम तिथेच होतं. मुलांना महिनाभर रिकामा टँक दाखवत थांबवणं अवघड असतं, पण आणल्या आठवड्यात मेलेला मासा त्यांना दाखवणं त्याहून अवघड.

किती मासे आणि कोणते

दोन फुटी टँक म्हणजे २४ बाय १२ बाय १२ इंच. काठोकाठ भरला तर सुमारे ५६ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर ४५ च्या आसपास. वास्तूसाठी म्हणून यातच आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश सोडले जातात. दुकानात बोटभर दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, दहा वर्षांहून जास्त जगतो आणि त्याची घाणही भरपूर असते. एवढ्या पाण्यात नऊ गोल्डफिश टिकणार नाहीत. श्रद्धा असेल तर ती जरूर पाळा, फक्त मासे लहान निवडा. आठ सोनेरी नर गप्पी आणि एक नर ब्लॅक मॉली एवढ्या पाण्यात सुखाने राहतात. सगळे नरच घ्या. एक मादी आली तरी महिन्या-दीड महिन्यात टँकभर पिल्लं होतात.

फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो बरणीत तग धरतो. तग धरणं म्हणजे बरं असणं नव्हे. त्याला किमान १५ लिटर पाणी, झाकण आणि ऊब द्या. दोन नर एकत्र ठेवू नका.

काच साफ करायला म्हणून दिला जाणारा सकर तर आणूच नका. तो फूटभराहून मोठा होतो, टँकमध्ये मावेनासा झाला की लोक त्याला गोदावरीत सोडून येतात आणि आपण जीव वाचवला असं समाधान मानतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. कमी प्राणवायूतही तो जगतो, काठ पोखरून बिळं करतो आणि भारतातल्या अनेक नद्यांत पसरला आहे. नाशिकमधून वाहणारं हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या माणसाला द्या. नदीत सोडू नका.

नाशिकचं पाणी आणि नाशिकची थंडी

महापालिकेचं पाणी गंगापूर धरणातून येवो की मुकण्यातून, नळाला येताना त्यात क्लोरीन असतंच. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्याचा वासही कधी कधी जास्त उग्र येतो. त्या दिवसांत थेट नळी लावून टँक भरणं सर्वांत घातक. अँटिक्लोरीनचे थेंब टाका किंवा उघड्या बादलीत एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना नाही.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे गच्चीवरची टाकी. मे महिन्यात दुपारी तिचं पाणी हाताला चटका देतं आणि जानेवारीत सकाळी बर्फासारखं असतं. ओतण्याआधी बादलीतलं आणि टँकमधलं पाणी थर्मामीटरने ताडून बघा. एक-दोन अंशांचा फरक चालेल.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली येतो, निफाडला त्याहूनही खाली. गप्पी, टेट्रा, फायटर यांना २४ ते २८ अंश लागतात. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या. पाणी बदलण्याआधी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, नाहीतर पाण्याबाहेर आलेली गरम काच तडकते. गोल्डफिशला हीटर लागत नाही, म्हणूनच तो या माशांसोबत ठेवू नये.

पारा घसरला की पांढरे ठिपके येतात. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात आणि तो खड्यांवर अंग घासतो. हा परजीवी आहे. ठिपक्यातला जीव पिकला की गळून तळाशी जातो, तिथे त्याचे शेकडो होतात आणि ते पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणून ठिपके गेले की तिसऱ्या दिवशी औषध थांबवणाऱ्यांकडे रोग पुन्हा येतो. तापमान सावकाश २८-३० पर्यंत न्या, एअर पंप जोरात ठेवा, फिल्टरमधला कार्बन काढा आणि बाटलीवरचा पूर्ण क्रम पाळा. मात्रा अंदाजाने नको. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा, म्हणजे लिटर मिळतात.

खाणं आणि वीज

दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आजोबा सकाळी, नातू शाळेतून आल्यावर आणि आई रात्री असं तिघांनी घातलं की पाणी नासलंच. खाऊ घालणारं माणूस एकच ठरवा. चार दिवस गावाला जायचं असेल तर मोठे, निरोगी मासे उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांकडे डबाच देऊन जाऊ नका.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटं पाणी रोखणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून पंपात उतरतं. बॅटरीवरचा एक छोटा पंप घरात असू द्या.

आणि मासे वर येऊन धापा टाकताना दिसले, तर आधी मीठ आणि निळं औषध ओतू नका. हवा वाढवा, खाणं बंद करा, क्लोरीन काढलेल्या आणि तापमान जुळवलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदला आणि अमोनिया तपासा. आदल्या एक-दोन दिवसांत नळाचं पाणी थेट टाकलं असेल तर अँटिक्लोरीन पूर्ण टँकच्या मापाने घाला. अमोनिया शून्यावर नसेल तर तो येईपर्यंत रोज थोडं पाणी बदलत राहा. पाणी ठीक निघालं आणि तरी माशाची लक्षणं राहिली, तरच औषधाचा विचार करा.