जुनी बोर्दो रेड वाइन जेवणासोबत कशी चाखायची

फ्रान्समधल्या बोर्दोची पंचवीस-तीस वर्षं जुनी रेड हाताशी आली ना, तर तयारी आदल्या दिवशीच सुरू करा. समजा १९९६ ची पोयाक आहे, म्हणजे जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या पोयाक गावची, कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त असलेली. बूच ओलं राहावं म्हणून बाटली इतकी वर्षं आडवी असते, ती आता २४ तास तरी उभी ठेवायची, कारण टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारा घटक, आणि रंग एकमेकांना चिकटून जो गाळ झालेला असतो तो तळाशी बसला पाहिजे, नाहीतर ग्लासात येतो आणि कडू लागतो.

रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात ते तिकडच्या थंड घरांचं टेंपरेचर हां, पुण्यातल्या मे महिन्याचं नाही. १६ ते १८ डिग्री बरोबर, त्यामुळे आपल्याकडे थोडा वेळ फ्रीजमध्ये उभीच ठेवा.

जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, स्क्रू घातला की मधेच तुटतं. दोन पात्यांचा ओपनर मिळतो तो घ्या, पाती बूच आणि काचेच्या मधे डुलवत खाली सरकवायची आणि हळू फिरवत वर ओढायचं. तुटलंच तर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, काही बिघडत नाही. वास मात्र आधी घ्या, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर ती बाटली गेली, थांबून सुधारत नाही.

आता निवळ ओतून घ्यायची. बाटलीच्या मानेखाली टॉर्च लावा आणि धार न तोडता सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओता. मान आधी माणकासारखी लाल चमकते, मग शेवटी शेवटी खांद्याजवळ धुरासारखी काळसर रेघ सरकत येते, ती मानेत शिरायच्या आत हात थांबवा. खालचे दोन-चार घोट गेले तर जाऊ द्या. तरुण वाइन तासन्‌तास उघडी ठेवतात, पण हिला ते झेपत नाही, लगेच जेवायला बसा.

ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या नॅपकिनवर तिरका धरा, कड विटकरी दिसेल. पहिला वास ग्लास न फिरवता घ्या. नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास, पोयाकची ओळखच ती, मागून तंबाखू, चामडं, भिजलेला पालापाचोळा, आणि मला यातला पालापाचोळाच सगळ्यात आवडतो. पहिला घोट जेवणाआधी, तोंडात सगळीकडे फिरवून.

जेवण साधं हवं. पोयाकचं कोकरूच तिकडे प्रसिद्ध आहे, तसं मटण मीठ, लसूण आणि बटर लावून भाजा, चरबीने तुरटपणा मऊ होतो. तांबडा रस्सा मलाही जीव की प्राण आहे पण तो या ताटात नको, तिखटाने वाइन जाळते आणि नाजूक वास सगळे मरतात. मटणाचा घास, मग घोट, मग जरा थांबा, दर दहा मिनिटांनी वास बदललेला कळेल. उरलेली उद्यासाठी ठेवू नका, रात्रीत उतरते.