कोलेटचा पाना घ्यायला जाताय? या चुका टाळा

कोलेट म्हणजे मशिनच्या चकमध्ये कटर धरणारी, चिरा असलेली बाही. ती आवळायचा नट ज्यानं फिरवतात तो कोलेटचा पाना. मागच्या उन्हाळ्यात जालन्याचा एक मित्र सकाळच्या एसटीनं संभाजीनगरला आला. दुकानात हूक पाना (नटाच्या बाहेरच्या खाचेत नाक अडकवून फिरवायचा कमानदार पाना) मागितला, ५८-६२ मिलिमीटरचा हातात पडला, तो पिशवीत टाकून दुपारच्या गाडीनं परत. संध्याकाळी मला फोन. "भाऊ, बसतोय तसा, पण जोर दिला की उडतोय. दोन बोटं सोलली." नट कितीचा आहे, मोज म्हटलं. व्हर्निअर लावला तर ६३.

साठ किलोमीटर जायचं, साठ यायचं, आणि घात केला एका मिलिमीटरनं. हूक पाने ठरलेल्या टप्प्यांत येतात: ३४-३६, ४०-४२, ४५-५०, ५२-५५, ५८-६२ आणि मग एकदम ६८-७५. मित्राचा नट ईआर-४० चा (ईआर ही कोलेटची एक जात), खाचवाला, ६३ चा. तो नेमका या टप्प्यांच्या फटीत पडतो. पान्याची कमान नटापेक्षा जराशी लहान झाली की तिची दोन टोकं नटाला टेकतात आणि हुकाचं नाक खाचेच्या तळाशी पोचतच नाही. नुसतं काठावर अडकून राहतं. हलकं फिरवताना काही कळत नाही. शेवटचा जोर द्यायच्या वेळी सुटतं.

गंमत अशी की ओझेड या जुन्या जातीच्या ओझेड-२५ चकचा नट ६० चा असतो. त्याला हाच ५८-६२ चा पाना झकास बसतो. लांबून दोन्ही चक सारखेच दिसतात. कोलेट काढून पाहा: ओझेडचं लांबट आणि मंद उताराचं, ईआरचं बुटकं, एका बाजूला ८ अंश उताराचं. वाळूजला जुन्या मिलिंग मशिनी ज्यांनी सेकंडहँड उचलल्यात त्यांच्या टेबलावर हे दोन्ही एकाच डब्यात लोळत असतात. पानेही.

नुसता कोलेटचा नंबर सांगून पाना मागणं

"ईआर पंचवीसचा पाना द्या." किती वेळा ऐकलंय हे! ईआरपुढचा आकडा कोलेटचा आहे, नटाचा नाही. कोलेटच्या मोठ्या तोंडाचा व्यास साधारण तेवढा असतो, तोही तंतोतंत नाही. ईआर-३२ चं कोलेट मोजलं तर ३३ भरतं. पाना मात्र बसतो नटावर, आणि एकाच कोलेटला वेगवेगळे नट येतात.

ईआर-२५ चंच घ्या. नेहमीचा नट ४२ चा, बाहेरून खाचा असलेला. त्याला ४०-४२ चा हूक चालतो. पण अरुंद जागेसाठी जो मिनी नट येतो, तो ३५ चा, आणि त्याच्या खाचा तोंडाकडच्या कडेला असतात. त्याला हूक लावून उपयोग नाही. त्याचा पाना समोरून टोपीसारखा बसतो, आतून दात असतात. ईआर-१६ आणि २० मध्येही हाच घोळ: षट्कोनी नट वेगळा, मिनी वेगळा.

षट्कोनी नट असेल तर मात्र सुटलात. ईआर-११ ला १७, ईआर-१६ ला २५, ईआर-२० ला ३० चा साधा फिक्स पाना. फक्त घरातला आठ पान्यांचा सेट २०-२२ लाच संपतो हे लक्षात ठेवा. २५-२८ आणि ३०-३२ सुटे घ्यावे लागतात. आणि बनावटीप्रमाणे फरक पडू शकतो, म्हणून आधी व्हर्निअर.

ईआर-३२ ला सहसा अडचण येत नाही. नट ५० चा, पाना ४५-५० चा.

आणखी एक जात आहे, बाहेरून पूर्ण गुळगुळीत नट. ना खाच, ना कोन. जास्त आरपीएमला बॅलन्स बिघडू नये म्हणून तसा केलेला असतो. त्याला आतून रोलर असलेला खास पाना लागतो, तो गोलाईलाच पकडतो. आमच्या ओळखीच्या एका शॉपमध्ये असा नट पाईप पान्यानं धरला. दातांचे वळ उठले आणि ज्या बॅलन्ससाठी पैसे मोजले तोच गेला.

तेव्हा दुकानात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: कोलेटची जात आणि नंबर, नटाचा बाहेरचा व्यास, खाचा कुठं आहेत ते. त्याहून सोपं म्हणजे नटच खिशात टाकून न्या. जालन्याच्या मित्राला शेवटी ईआर-४० च्या खाचवाल्या नटासाठीच बनवलेला पाना मिळाला. तो कोलेट चक विकणाऱ्याकडं मिळतो. जनरल हार्डवेअरवाल्याकडं असेलच असं नाही.

छिन्नी, हातोडी आणि स्क्रू पाना

यावर फार लिहीत नाही. खाचेत छिन्नी धरून ठोकलं की खाचेची कड फुगते, मग बरोबर मापाचा पानाही बसेनासा होतो. स्क्रू पाना षट्कोनी नटाचे कोपरे खातो. आमच्याकडं आयटीआय करून आलेला एक पोरगा पहिल्याच आठवड्यात छिन्नी घेऊन उभा दिसला. त्याला रागावलो, पण पाना शोधायला गेलो तर तो खरंच जागेवर नव्हता. दुसऱ्या शिफ्टवाल्यानं कूलंटच्या टाकीमागं ठेवला होता. तेव्हापासून पाना मशिनला साखळीनं बांधलाय.

पान्याला पाईप लावणं

ईआर-३२ चा नट किती कसायचा? कॅटलॉगात साधारण १३६ न्यूटन मीटर दिलेलं सापडतं, ईआर-४० ला १७६. तुमच्या चकच्या कंपनीनं वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. आता हिशोब करा. हाताची पकड नटाच्या मध्यापासून २५ सेंटीमीटरवर असेल तर १३६ साठी सुमारे ५५ किलोचा जोर लागतो. म्हणजे धडधाकट माणसानं अंग टाकून ओढलं तर होतं. आता तोच माणूस पाईप घालून पकड ६० सेंटीमीटरवर नेतो आणि तेवढाच जोर देतो. झाले सव्वातीनशे. नटाचे आटे ताणले जातात, कोलेट पिळवटतं, आणि डायल गेज लावला की कटर डोलताना दिसतो. वर पोरं म्हणतात, "लई टाईट केलंय सर, आता हलत नाही." हलत नाही हे खरं, सरळ फिरतही नाही.

टॉर्क पाना परवडत असेल तर घ्या. निदान एकदा कुणाकडून आणून स्वतःच्या हाताला तो जोर कसा लागतो ते पाहून ठेवा.

होल्डर मशिनच्या स्पिंडलमध्येच ठेवून कसणं

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशिन) हे सर्रास चालतं. घाई असते, मान्य. पण एवढा झटका बेअरिंगांनी का सोसायचा? बीटी-४० होल्डर (ज्याच्या टोकाला कोलेट आणि नट बसतो तो) आडवा किंवा उभा धरणारं लॉकिंग फिक्स्चर टेबलावर बोल्टनं बसवा. होल्डर त्यात अडकवला की दोन्ही हात पान्यावर येतात, पाना तिरका होत नाही, आणि उडालाच तरी हात मशिनच्या कडेवर आपटत नाही. राऊटरच्या छोट्या स्पिंडलला दोन पाने लागतात, एक स्पिंडलच्या चपट्या भागाला आणि एक नटाला. तिथं दुसऱ्या पान्याऐवजी स्पिंडल कापडानं धरून कसणारेही पाहिलेत.

पाना बरोबर, जोर बरोबर, तरी कटर खाली सरकतो

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि इथं पान्याचा दोष नसतो. माझ्याकडं १२ च्या एंडमिलनं (मिलिंगचा कटर) पॉकेट, म्हणजे खड्डा, करताना खोली हळूहळू वाढत गेली. पहिल्या जॉबला बरोबर, चौथ्याला ०.४ जास्त. कटर कोलेटमधून खाली ओढला जात होता. नट आणखी कसला, काही फरक नाही. सोडून पाहिलं तेव्हा कळलं की कोलेट आधी होल्डरमध्ये टाकलं होतं आणि नट वरून लावला होता.

ईआरच्या नटात आत एक तिरकी, एका बाजूला सरकलेली रिंग असते. कोलेट होल्डरबाहेर असतानाच नटात तिरकं घालायचं आणि सरळ दाबायचं. टक् आवाज येतो, कोलेटची खाच रिंगेत बसते, तोंड नटाशी जवळपास समपातळीत येतं. मग कटर घाला आणि नट होल्डरवर चढवा. टक् झालं नसेल तर पुढचं सगळं वाया: कोलेट वाकडं दाबलं जातं, आणि सोडताना नट निघून येतो पण कोलेट आतच चिकटून राहतं. मग पुन्हा हातोडी.

त्याशिवाय पाहायच्या गोष्टी: कटरची शँक (कोलेटात धरायची दांडी) कोलेटच्या मापातलीच आहे का. बहुतेक ईआर कोलेट १ मिलिमीटरपर्यंत आवळतात. १२-११ लिहिलेल्यात ११ ची शँक बसते, १०.५ ची नाही. शँक कोरडी हवी, तेलकट नको. टेपरमध्ये (उताराच्या भागात) बर, म्हणजे धातूची उठलेली कड, किंवा बारीक चुरा नको; जालन्याच्या सळईच्या कामात तर पत्र्यासारखी पापडी सगळीकडं शिरते. शँक कोलेटच्या निम्म्याच लांबीत धरली असेल तर कितीही कसा, ती सुटणारच.

नट अडकून बसला असेल तर उलटा जोर देण्याआधी हूक उलटवलाय का ते पाहा. कसताना ज्या बाजूनं लावला त्याच बाजूनं सोडायला गेलात तर नाक खाचेतून निसटतं, आणि माणूस समजतो नट जाम झालाय. पाना पालथा करायचा, हूक पुढच्या खाचेत पूर्ण बसवायचा, आणि फिक्स्चरवर एकच सलग ओढ द्यायची. आमच्याकडं दहापैकी आठ ‘जाम’ नट असेच सुटलेत.