चित्रकलेचा क्लास लावताना

क्लास बघायला गेलात की फी विचारण्याआधी भिंतीवरची मुलांची चित्रं नीट बघा. पंधरा मुलांच्या निसर्गचित्रांत तोच डोंगर, तीच नदी आणि उजव्या कोपऱ्यात तेच नारळाचं झाड असेल, तर तिथे फळ्यावरचं चित्र उतरवून घेतलं जातं. दुसरीतल्या मुलाच्या चित्रात सफाईदार शेडिंग दिसलं, तर शेवटचा हात बहुधा सरांचा असतो. चांगल्या क्लासमधली चित्रं वेडीवाकडी असतील, पण एकाचं चित्र दुसऱ्यासारखं नसतं.

मग एक तास मागे बसून बघू देण्याची विनंती करा. सर मुलाच्याच कागदावर रेघ मारून देतात, की शेजारच्या रफ कागदावर काढून दाखवतात? दुसऱ्या प्रकारचे शिक्षक मिळाले तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच जा. बॅचमध्ये किती मुलं आहेत तेही मोजा. पंधरा मुलं आणि एकच शिक्षक असतील, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. आठ ते दहाची बॅच उत्तम. फी महिन्याची की तिमाहीची, बुडालेला तास भरून मिळतो का, कागद-रंग फीत धरलेत का आणि गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या कशा, हे आधीच विचारून घ्या. आणि पुण्यात क्लास घराजवळचाच बघा. हडपसरहून संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमधून पेठेत पोचलेल्या मुलाला चित्र काढायची ताकद उरत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना पाऊण तास पुरतो. त्यांना ऑइल पेस्टल, मोठा कागद आणि शाडू द्या. शाडूचं काम उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतली माती ओलीच राहते आणि तडे जातात. जलरंग साधारण नऊ-दहा वर्षांनंतर. त्याआधी पाण्याचा अंदाज येत नाही, कागद फाटतो आणि मूल हिरमुसतं.

साहित्याची यादी मिळाल्यावर एकदम सगळं घेऊ नका. एचबी, 2बी आणि 6बी पेन्सिली, साधा खोडरबर, 4, 8 आणि 12 नंबरचे गोल ब्रश, बारा रंगांच्या ट्यूब, खोलगट कप्प्यांचं पॅलेट आणि क्लिप लावलेला बोर्ड एवढ्यावर वर्ष निघतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे सगळं मिळतं. काटकसर ब्रशमध्ये करा, कागदात नको. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तेवढा कागद जाड. पेन्सिलीसाठी 150 जीएसएमचा कार्ट्रिज (ड्रॉइंगचा साधा जाडसर कागद) चालेल, जलरंगाला 300 जीएसएमचाच घ्या. पूर्ण शीट घेऊन चार तुकडे केले तर परवडतो.

सातवी-आठवीत ग्रेड परीक्षांचा विषय निघतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. अर्ज शाळेमार्फत भरले जातात, म्हणून जूनमध्येच शाळेतल्या कलाशिक्षकांना भेटा. क्लासच्या भरवशावर राहिलात तर मुदत निघून जाते.

या परीक्षांत मुलं सर्वात जास्त अडतात ती वस्तुचित्रात, म्हणजे समोर ठेवलेल्या वस्तू बघून काढण्यात, आणि तेही तांब्याशी. तांब्याचं तोंड लंबवर्तुळ काढतात आणि बूड मात्र सरळ रेघेने बंद करतात, कारण तांब्या सपाट टेबलावर टेकलाय हे त्यांना माहीत असतं. डोळ्याला दिसतं वेगळंच. बूड नजरेच्या आणखी खाली असतं, म्हणून तिथली वक्ररेघ तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाई घेते. दुसरी चूक म्हणजे लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना होडीसारखे टोकदार कोपरे. आधी उभी मध्यरेषा आखायची, मनगट न टेकवता लंबवर्तुळ हलक्या हाताने तीन-चारदा फिरवायचं आणि मगच पक्की रेघ निवडायची. शेवटी कागद उलटा धरायचा. एक बाजू फुगली असेल तर तेव्हा लगेच कळतं. घरी रोज एक तांब्या, पंधरा मिनिटं, नुसत्या पेन्सिलीने. महिनाभरात फरक दिसतो.

संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीची रचना करून रंगवण्यात, पोस्टर रंग घट्ट ताकासारखा हवा. पातळ झाला तर पट्टे उठतात, फार घट्ट लावला तर सुकल्यावर तडकतो. एक छटा जेवढ्या जागांत भरायची, तेवढी एकदाच कालवून ठेवायची. पुन्हा कालवलेली छटा जुळत नाही. परीक्षेतल्या भूमितीच्या रचनारेषांना फिकट उठणारी 2एच पेन्सिल, उत्तराच्या रेषांना एचबी.

मोठ्यांनी क्लास लावताना आधी स्वतःचा वेळ मोजावा. आठवड्यातून दोन तासांची एक बॅच आणि घरी रोज वीस मिनिटं, एवढं जमणार असेल तरच सुरुवात करा. नुसत्या रविवारच्या दोन तासांवर हात बसत नाही आणि दुसऱ्या महिन्यात क्लास सुटतो. मोबाइलवरचा फोटो बघून काढायची सवयही लावून घेऊ नका. फोटोने खोली आधीच सपाट केलेली असते, ती बघायला डोळा शिकतच नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात जाऊन बसा. खांब जाड, चौकोनी आणि सावल्या ठळक, त्यामुळे उजेड-अंधाराचे तीनच टप्पे लावून चित्र उभं राहतं. विश्रामबागवाडा नंतर, नवशिका तिथल्या लाकडी नक्षीत अडकतो आणि वाड्याचं प्रमाण चुकतं. मंडईची अष्टकोनी इमारत त्याहूनही नंतर. अधूनमधून बालगंधर्व कलादालनात चक्कर मारा. मूळ चित्रातला रंगाचा थर छापील पानावर कळत नाही.

तैलरंग फ्लॅटमध्ये करणार असाल तर खिडकी उघडी ठेवा. या रंगांतल्या जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून मगच टाका. ॲक्रिलिकचा ब्रश फोन आला म्हणून तसाच ठेवलात तर तासाभरात कडक होतो आणि पुन्हा मऊ होत नाही.

जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, लवकर सुकत नाही. पहिला थर ओला असताना दुसरा लावला की रंग गढूळ होतात. बोटाची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून ओला आहे. क्लासला जाताना बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या, पण घरी आल्यावर कागद लगेच बाहेर काढा, नाहीतर आठवड्यात बुरशीचे ठिपके पडतात आणि ते पुसून जात नाहीत.