डेटा सेंटरची बिल्डिंग करताय? आधी शाफ्ट दोन करा

मी आर्किटेक्ट आहे, गेली नऊ वर्षं नवी मुंबईत डेटा सेंटरचीच कामं करतेय. पहिला प्रोजेक्ट एका फायनान्स कंपनीचा होता, आणि त्यात माझ्या हातून जी चूक झाली ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. सध्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात एवढी कामं निघालीत की कोणी ना कोणी ज्युनियर विचारतच असतं, मॅडम या फील्डमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. टियर म्हणजे डेटा सेंटर किती अखंड चालेल याची एक ते चार अशी श्रेणी, आणि यूपीएस म्हणजे वीज गेली की बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारं यंत्र, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

साईटचं पटकन सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, हा आकडा मुंबईत काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो, तरी दर प्रोजेक्टला कोणीतरी पॅनल रूम बेसमेंटला टाकायचा हट्ट धरतोच कारण वर जागा वाचते. ऐकू नका. डीजी (डिझेल जनरेटर), ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, सगळं प्लिंथच्या म्हणजे जोत्याच्या वर घ्या, आणि प्लिंथची उंची रस्त्यावरून ठरवू नका, त्या भागात आजवर जेवढं पाणी चढलंय त्याच्यावरून ठरवा. महापे साईडला पारसिकच्या डोंगराचं पाणी कुठल्या नाल्याने येतं ते पावसाळ्यात स्वतः जाऊन बघा. भूकंपाचं म्हणाल तर आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात मुंबई झोन तीनमध्ये आहे आणि हैदराबाद त्याहून कमी धोक्याच्या झोन दोनमध्ये. मुंबईतल्या कंपन्या डीआर साईट (मुख्य जागा बंद पडली तर काम उचलणारी दुसरी जागा) हैदराबादला टाकताना दिसतात त्याचं हे एक कारण, म्हणजे तुमची बिल्डिंग कितीही भक्कम असली तरी दुसरी लागतेच.

आता माझी चूक. यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

ऑफिस बिल्डिंगमध्ये केबल, पाईप अशा सगळ्या सर्व्हिसेस एका शाफ्टमध्ये (सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीत) घेणं म्हणजे चांगलं प्लॅनिंग, हे आपल्याला कॉलेजपासून शिकवलेलं असतं. कोअर (लिफ्ट-जिन्यांचा भाग) आटोपशीर राहतो, कार्पेट एरिया वाढतो, क्लायंट खूश. मी त्याआधी दोन वर्षं ऑफिस टॉवरच केलेले, हात त्याच वळणाचा होता. इलेक्ट्रिकल कन्सल्टंटकडून एसएलडी (विजेच्या जोडण्या दाखवणारं सिंगल लाईन डायग्राम) आली, एक गेला तरी दुसरा चालावा म्हणून दोन सोर्स, ए सोर्स लाल, बी सोर्स निळा, दोन ट्रान्सफॉर्मर, दोन यूपीएस, सर्व्हरच्या प्रत्येक रॅकला दोन पीडीयू (वीज वाटणाऱ्या पट्ट्या), बघून बरं वाटलं. मी लिफ्टच्या मागे तीन मीटर रुंद एक शाफ्ट दिला, डाव्या भिंतीवर ए चा केबल ट्रे, उजव्या भिंतीवर बी चा. कोऑर्डिनेशन मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही, थ्रीडी मॉडेलमध्ये क्लॅश शून्य, जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग निघाली, स्लॅब पडायला लागले.

चौथा स्लॅब झाल्यावर क्लायंटच्या फॅसिलिटी टीममधले एक सुपरवायझर काका साईटवर आले, उभा जन्म पॅनल रूममध्ये काढलेला माणूस. खिशातून दोन खडू काढले, एक लाल, एक निळा, आणि म्हणाले, मॅडम जरा माझ्याबरोबर चाला. ट्रान्सफॉर्मर यार्डपासून ए ची केबल जिथून जाणार तिथून जमिनीवर लाल रेघ, बी ची निळी. यार्डातून दोन्ही रेघा लांब लांब निघाल्या, वेगवेगळ्या खोल्यांमधून फिरल्या, आणि शाफ्टच्या दाराशी येऊन दोन्ही एकाच उंबऱ्यावरून आत गेल्या. मध्ये वीतभर अंतर. काका वाकले, दोन्ही खडू त्या उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "इथं आग लागली तर मी कुठल्या लाईनवर जाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे नीट समजून घ्या. एसएलडी तुम्हाला एवढंच सांगते की कोण कोणाला जोडलंय, कोण कुठे पडलंय हे ती सांगत नाही, आणि ते सांगायचं काम आर्किटेक्टचं आहे. कागदावर हातभर लांब काढलेल्या दोन लाईनी बिल्डिंगमध्ये एकाच भोकातून जाऊ शकतात आणि एसएलडी तरीही शंभर टक्के बरोबर असते. क्लॅश डिटेक्शनवरही विसंबू नका, ते दोन वस्तू एकमेकांना धडकतायत का एवढंच बघतं, दोन वस्तू एकाच आगीत जळतील का हे त्याला कळत नाही.

वर त्या कन्सल्टंटने मीटिंगमध्ये सांगितलं की टियर थ्रीला हे चालतं. आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नव्हता! टियर थ्रीची अट आहे की कुठलाही भाग मेंटेनन्सला बंद करता आला पाहिजे आणि लोड (म्हणजे सर्व्हर) चालू राहिला पाहिजे. दोन पाथ आगीपासून वेगळ्या कंपार्टमेंटमध्ये हवेत ही अट टियर फोरला येते. म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असतं आणि आगीच्या दिवशी कंपनीचे सगळे व्यवहार ठप्प झाले असते. क्लायंटच्या ब्रीफमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की एका आगीने दोन्ही पाथ जाता कामा नयेत. ते पान मी वाचलेलं होतं, पण प्लॅनवर बोट ठेवून तपासलं नव्हतं.

दुरुस्तीही सोपी नव्हती. स्लॅब पोस्ट टेन्शनचे होते, त्यात नवीन भोक पाडायचं म्हणजे आतल्या ताणलेल्या केबल तुटायची भीती, स्ट्रक्चरल इंजिनियरने सरळ नाही म्हणून सांगितलं. शेवटी बी पाथसाठी बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या भिंतीला लागून, स्टीलचा वेगळा शाफ्ट उभा केला, दोन तासांच्या फायर रेटिंगच्या (तेवढा वेळ आग अडवणाऱ्या) भिंतीने बंद केला. अडीच महिने गेले. ते अडीच महिने मी रात्री झोपेतून दचकून उठायचे.

तेव्हापासून मी प्रत्येक कामात एक करते, तुम्हीही करा. ए ची सगळी वाट एका प्रिंटवर, बी ची दुसऱ्या प्रिंटवर, प्रत्येक फ्लोअरचे दोन कागद काढा, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. जिथे दोन्ही रंग जवळ येतात तिथे गोल करा. दार, स्लॅबमधलं भोक, ट्रेंच, चेंबर, सगळं बघा, आणि फक्त पॉवर बघून थांबू नका, चिल्ड वॉटरचा (कूलिंगच्या थंड पाण्याचा) पाईप, डिझेलची लाईन, कंट्रोल वायरिंग, फायबर, सगळ्यांना हेच लावा. फायबरमध्ये तर हमखास फसवणूक होते, दोन वेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन घेतलं म्हणून क्लायंट निश्चिंत, आणि दोघांच्या केबल गेटबाहेर एकाच चेंबरमधून येतात, एक जेसीबी चुकीच्या जागी लागला की दोन्ही गेल्या.

बाहेरच्या विजेचंही तेच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, मूळ कळवा-पडघे ४०० केव्ही लाईनवर होतं. दोन सबस्टेशनमधून दोन फीडर (पुरवठ्याच्या लाईनी) घेतलेल्यांचेही दोन्ही बंद, कारण वर जाऊन आई एकच. म्हणून टियरच्या हिशोबात डीजी हाच खरा सोर्स धरतात, बाहेरची वीज म्हणजे स्वस्तातला पर्याय. डीजीला डिझेल लागतं, किमान १२ तासांचं साईटवर पाहिजे, आणि ते वर चढवायला पंप लागतो. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कला ७५ ब्रॉड स्ट्रीटच्या बिल्डिंगमध्ये जनरेटर १७ व्या मजल्यावर कोरडाठाक होता, पण डिझेलचा पंप तळघरात, तो पाण्याखाली गेला. लोकांनी जिन्यावर रांग लावून बादल्यांनी डिझेल वर नेलं. आपल्या प्लॅनवर पहिल्यांदा तो पंप शोधा. कुठे बसलाय, त्याला सप्लाय कुठल्या पॅनलमधून येतो. ए मधून येत असेल तर बी मधूनही द्या.

घाबरवायचं नाहीये मला. यातलं काहीच अवघड नाही, याला हुशारी लागत नाही, चिकाटी लागते, आणि एकदा डोळा बसला की प्लॅन उघडल्या उघडल्या असली जागा दिसते. दोन प्रोजेक्ट झाले की जमतं, खरंच.

सिक्युरिटीचं बरंच तुम्हाला माहीत असेल, बाहेर नावाची पाटी नको, डेटा हॉलला खिडकी नको, मॅनट्रॅप (एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडणारी छोटी खोली), अँटी टेलगेटिंग (एकाच्या मागून दुसरा घुसू न देणं) वगैरे. मी फक्त लोडिंग बेबद्दल बोलते कारण तिथेच सगळे ढिले पडतात. पुढच्या दाराला चार कुलपं आणि मागून रॅक घेऊन येणारा टेम्पो थेट आत. माल उतरवायची जागा, तपासायची जागा आणि आत न्यायची वाट या तिन्हींमध्ये दार पाहिजे, आणि दोन दारं एका वेळी उघडता कामा नयेत. हाऊसकीपिंगच्या माणसाची वाटही सुरुवातीलाच आखा. डेटा हॉलच्या डोक्यावर टॉयलेट किंवा पँट्री येऊ देऊ नका. लिथियम बॅटऱ्या घेणार असाल तर त्यांची खोली वेगळी, भक्कम फायर रेटिंगची. २०२२ मध्ये कोरियात पांग्योच्या डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली आणि काकाओ या तिथल्या मेसेजिंग कंपनीच्या सेवा कित्येक दिवस विस्कळीत होत्या, पेमेंटसुद्धा. आणि फ्लोअर लोड ऑफिससारखा धरू नका, डेटा हॉलला १२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर तरी लागतोच, बॅटरी रूमचा त्याहून जास्त निघू शकतो, स्ट्रक्चरल इंजिनियरला पहिल्या आठवड्यात सांगा.

कोर्सबद्दल सारखं विचारतात. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष साईटवर घालवल्याशिवाय तीन दिवसांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. शब्द पाठ होतात, शाफ्ट दिसत नाही. मागच्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग देऊन "हेच थोडं बदल" म्हणणारा सिनियर मिळाला तर सावध व्हा, त्याच्या जुन्या चुका तुमच्या सहीखाली जातील. शिकायचं असेल तर चालू डेटा सेंटरमध्ये नाईट शिफ्ट करणाऱ्या इलेक्ट्रिशियनबरोबर बसा, चहा पाजा, कुठला व्हॉल्व्ह बंद करायला त्याला पोटावर झोपावं लागतं ते विचारा. एवढी माहिती कुठल्याच मॅन्युअलमध्ये मिळत नाही. मला मिळालेले सगळ्यात मोठे गुरू ते खडूवाले काकाच, आणि त्यांच्याकडे डिग्री नव्हती.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, वेळ मिळेल तशी उत्तरं देते. फक्त कृपा करून कोणीही मला प्लॅन किंवा साईटचे फोटो पाठवू नका. मागे एका मुलाने उत्साहात अख्खा फ्लोअर प्लॅन पाठवला होता, कॅमेऱ्यांच्या जागांसकट. मी न उघडता डिलीट केला आणि त्याला फोन करून त्याच्याकडूनही करायला लावला. अडचण शब्दांत लिहा, हवं तर कोऱ्या कागदावर दोन चौकोन काढून पाठवा, तेवढं मला पुरतं.