सिक्युरिटी क्वेश्चनला खरं उत्तर देऊ नका, आणि फॉर्म भरताना होणाऱ्या अजून काही चुका

आमच्याकडे कुणालाही ऑनलाइन फॉर्म भरायचा असला की फोन मलाच येतो, आत्याचा तर हमखास, आणि तोही शेवटच्या तारखेला रात्री साडेनऊला. मागे तिचं नेटबँकिंग अडकलं. पासवर्ड विसरला की ओळख पटवायला साइट विचारते तो सिक्युरिटी क्वेश्चन, प्रश्न एवढाच, तुमचं आवडतं फूल कोणतं. आत्या म्हणाली, अरे अबोली, जन्मात दुसरा गजरा माळला नाही मी. टाकलं अबोली, चूक. मग शेवटी एक आयऐवजी दोन ई लावून बघितले, तेही चूक, तिसऱ्यांदा सगळं कॅपिटलमध्ये टाकलं आणि खातं लॉक. दुसऱ्या दिवशी पासबुक, आधार घेऊन ब्रँचच्या रांगेत. तिथं उभं असताना काकांचा फोन, की अगं ते रजिस्ट्रेशन मीच केलेलं, मोगरा टाकलं असणार.

तर पहिली चूक हीच, दुसऱ्याने भरलेली उत्तरं आपल्याला माहीत नसतात. आणि दुसरी म्हणजे मराठी उत्तर इंग्रजी अक्षरात टाकणं. पुरणपोळी एका शब्दात की दोन, शेवटी आय की डबल ई, लक्ष्मी एक्सने की केएसएचने, हे पाच वर्षांनी कुणाला आठवणार? त्यात मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि वरचा सुचवलेला शब्द दाबला की मागे एक स्पेस चिकटवतो, ती दिसत नाही पण काही साइट ती मोजतात. उत्तर बरोबर असूनही चूक दाखवत असेल तर आधी शेवटची स्पेस खोडून बघा, मग कॅपिटल-स्मॉल बदला, आणि दोनदा चुकलं की थांबा, तिसरा प्रयत्न रागात करू नका.

पण खरी गोची वेगळीच आहे. हे प्रश्न ज्यांनी बनवले त्यांना आपली माणसं माहीत नव्हती. आईचं माहेरचं आडनाव म्हणजे मामाचं आडनाव, ते गुपित कसं असेल? अख्ख्या गावाला माहीत, वर लग्नपत्रिकेत छापलेलं. वडिलांचं मधलं नाव म्हणजे आजोबा. आईचं नाव दहावीच्या मार्कशीटवर असतं आणि ते मार्कशीट आपण कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकतो. शाळा विचारली तर न्यू इंग्लिश स्कूल हा अंदाज बऱ्याच जणांना लागू पडेल (माझीही तीच).

आणि हे फक्त आपलंच नाही. 2008 मध्ये अमेरिकेत सारा पेलिन उपराष्ट्रपतिपदाला उभ्या होत्या तेव्हा एका विद्यार्थ्याने त्यांचं याहूचं मेल खातं असंच उघडलं होतं, जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला एवढ्यावर, सगळं नेटवर शोधून. गुगलने 2015 मध्ये आपल्याच युजरांचा अभ्यास केला त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवडता पदार्थ पहिल्याच अंदाजात ओळखता यायची शक्यता 19.7 टक्के निघाली. उलट गरज पडली तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या 40 टक्के युजरांना स्वतःचंच उत्तर आठवेना. म्हणजे चोराला सोपं, मालकाला अवघड.

म्हणून उत्तर खोटं द्या, पण खोटंसुद्धा असंबद्ध द्या. आवडत्या रंगाला निळ्याऐवजी लाल टाकून काही होत नाही, रंग असतात किती. फुलाच्या प्रश्नाला एसटी डेपो आणि एखादा आकडा असलं काहीतरी. साइटला खरं-खोटं कळत नाही, तिला फक्त जुळतंय का एवढंच बघायचं असतं. मात्र ते पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) नाहीतर घरातल्या वहीत प्रश्नासकट लिहून ठेवा, स्पेलिंग जसं टाकलं तसंच. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज नको. आणि ही आयडिया फक्त सिक्युरिटी क्वेश्चनपुरती हं, केवायसीत खरंच भरायचं.

केवायसी वरून आठवलं, नावाचा क्रम. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकदा शेवटी, आणि फॉर्मवाले विचारतात फर्स्ट नेम. त्या रकान्यात आडनाव गेलं की मॅच होत नाही. फॉर्म कुठल्या कागदाशी ताडला जाणार आहे ते आधी बघा आणि तो कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच टाका.

फोटो अपलोड होत नसेल तर साइझ बघतोच आपण, पण आयफोनचा फोटो बऱ्याचदा एचईआयसी नावाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये असतो, नुसतं नाव बदलून जेपीजी होत नाही, तो जेपीजीमध्ये कन्व्हर्ट करा.

सायबर कॅफेत भरत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, काउंटरवरचा पोरगा घाईत त्याचा स्वतःचा टाकतो, मग पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्या फोनवर आणि दुकान बंद झालेलं.

शेवटी पेमेंट. पैसे कटले आणि पान फिरतच राहिलं की लगेच दुसऱ्यांदा पे दाबू नका. ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, तास-दोन तासांनी लॉगिन करून स्टेटस बघा. यूपीआय किंवा कार्डने केलं असेल आणि समोर पोचलंच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. बँकेत तक्रार करताना हा नियम नाव घेऊन सांगा.