मिनीकॅबचं लायसन्स: अर्ज करण्याआधीची तयारी

इंग्लंडमध्ये टॅक्सी किंवा मिनीकॅब (आधी बुक करून येणारी भाड्याची गाडी) चालवण्याचं लायसन्स मिळायला किती दिवस लागतात, असं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, विचारलं की आठवड्यांचा एक आकडा मिळतो. तो आकडा अर्ज पूर्ण झाल्यानंतरचा असतो. त्याआधी पोलिस, डॉक्टर, परीक्षा केंद्र आणि तुम्ही बाहेरून आला असाल तर मायदेशातलं सरकार, हे सगळे आपापल्या गतीने काम करत असतात. लायसन्सिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्यांच्यापैकी कोणालाही घाई करता येत नाही. म्हणून जे काम सगळ्यात रेंगाळणार, ते सगळ्यात आधी हातात घ्यायचं.

त्याच्याही आधी आपल्याला अर्ज करता येतो का, ते बघा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि मिनीकॅबचे बहुतेक चालक स्वयंरोजगारीच असतात. तेव्हा शिकायला आलेल्या मुलांनी हा विचार सोडून द्यावा, कोणी मित्र काहीही सांगो. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र हे काम करता येतं. व्हिसाची मुदत संपते त्यापुढे लायसन्स मिळत नाही. कामाचा हक्क दाखवणारा शेअर कोड ९० दिवसच चालतो, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी काढा.

दुसरी अट गाडी चालवण्याच्या लायसन्सची. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते, पण ते थेट बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), थिअरी आणि प्रत्यक्ष परीक्षा हे सगळं नव्याने करावं लागतं. लंडनमध्ये मिनीकॅबसाठी पूर्ण ब्रिटिश किंवा युरोपीय लायसन्सला ३ वर्षं झालेली हवीत आणि तुमचं वय किमान २१ हवं. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी या तीन वर्षांत ती धरत नाहीत. लंडनबाहेर कायद्याची किमान अट १२ महिन्यांची आहे, मात्र अनेक कौन्सिलं त्यावर आपली अट लावतात.

अर्ज कुठे करायचा हे ऑपरेटर, म्हणजे भाड्याचं बुकिंग घेणारी कंपनी, बघून ठरवा. चालक, गाडी आणि ऑपरेटर या तिघांची लायसन्सं एकाच प्राधिकरणाची असावी लागतात. अमुक कौन्सिल लवकर देतं म्हणून लोक दूरदूरचे अर्ज टाकतात. वुल्व्हरहॅम्प्टनचं नाव त्यासाठीच देशभर गाजलं. या प्रकाराला आवर घालायची मागणी जोरात आहे, म्हणून वेग एवढ्याच कारणाने लांबचं कौन्सिल निवडणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आता सगळ्यात रेंगाळणारं काम. २०२० च्या जुलैमध्ये सरकारने कौन्सिलांसाठी जी मानकं काढली, त्यांनुसार वयाच्या अठराव्या वर्षानंतर सलग तीन महिने किंवा जास्त काळ परदेशात राहिलेल्या माणसाकडून तिथला चारित्र्याचा दाखला मागितला जातो. आपल्या बाबतीत तो म्हणजे पीसीसी, पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तुम्ही अजून भारतातच असाल तर निघण्याआधी पासपोर्ट सेवा केंद्रातून काढता येईल का बघा, पण दाखला किती जुना चालतो हे आधी कौन्सिलला विचारून घ्या. ब्रिटनमध्ये असाल तर अर्ज व्हीएफएसमार्फत हाय कमिशनकडे जातो, आणि पडताळणीची गरज पडली की कागद गावाकडच्या पोलिस ठाण्यापर्यंत पोचतो. मधल्या काळात आखातात नोकरी केली असेल तर तिथलाही दाखला लागेल. नोकरी सुटल्यावर तो मिळवणं फार कटकटीचं असतं.

डीबीएसची (गुन्ह्यांच्या नोंदी तपासणारी सरकारी संस्था) एन्हान्स्ड, म्हणजे सखोल, तपासणी हा दुसरा मोठा टप्पा. अर्जावर गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, मध्ये एकही महिना रिकामा न सोडता, लिहायचे असतात. शेअरिंगच्या घरात दोन महिने राहिलात तोही पत्ता, आणि चिंचवडचा फ्लॅटसुद्धा. आपल्या लोकांची फाइल अडकते ती नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव, लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. आजवर वापरलेली सगळी नावं अर्जात द्या आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. हा फॉर्म स्थानिक पोलिसांकडे जातो, तिथे किती माणसं कामाला आहेत त्यावर सगळं अवलंबून. साठ दिवस उलटले तर डीबीएसला सांगून पाठपुरावा करवून घेता येतो. दाखला निघाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवा. चालकांची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी असं मानकं सांगतात आणि नोंदणी नसेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

एवढी कडक तपासणी कशाला, असं वाटलं तर उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावाचं प्रकरण बघा. २०१४ च्या ॲलेक्सिस जे यांच्या चौकशी अहवालाने तिथे १९९७ ते २०१३ दरम्यान अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचं मांडलं आणि त्यात काही टॅक्सीचालकांचा हात असल्याचंही. म्हणून मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण आता अर्जाचाच भाग आहे. त्याची तारीख आधीच पकडा, बॅचेस भरलेल्या असतात.

वैद्यकीय तपासणी लॉरी-बस चालकांना लागू असलेल्या ग्रुप २ च्या निकषावर होते. तुमची जुनी नोंद पाहू शकणारा डॉक्टर लागतो, आणि जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर) हे काम एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत करत नाहीत, पैसे घेऊन करतात. अपॉइंटमेंट आजच मागा, पण फॉर्मवरची तारीख शिळी होणार नाही इतपत उशिराची. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल तर रीडिंग साठवणारं ग्लुकोज मीटर आतापासूनच वापरायला लागा.

लंडनमध्ये नकाशाची परीक्षा, इंग्रजी आणि २०२१ पासून सेरू नावाची नियमांची परीक्षा आहे. सेरूमध्ये वाचून समजणं आणि नेमकं लिहिणं तपासतात. घाईत बसू नका. काळ्या टॅक्सीच्या नॉलेजला, म्हणजे लंडनचे रस्ते तोंडपाठ करण्याच्या परीक्षेला, तर सहसा तीन-चार वर्षं लागतात, तो वेगळाच संसार.

करांचं काम सोपं. ४ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नूतनीकरणाच्या वेळी टॅक्स चेकचा कोड लागतो, तो १२० दिवस चालतो. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला कोड नको, फक्त कराची जबाबदारी समजल्याचं लिहून द्यायचं.

आता टेबलापलीकडच्या माणसांबद्दल. लायसन्सची फी खर्च भरून काढण्यापुरतीच आकारायची असते, नफ्यासाठी नाही. पगारही त्यातूनच निघतात. अर्ज अचानक वाढले म्हणून माणसं लगेच वाढत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनची लायसन्सं देणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनवर सायबर हल्ला झाला तेव्हा ऑनलाइन यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या आणि अर्जांची थप्पी साचली. पुढच्या वर्षीही चालकांची ओरड चालूच होती. अशा ऑफिसात तुमचा रोजचा फोन म्हणजे तपासणीतून उठवलेला एक माणूस. सगळे कागद एकदम, सरळ स्कॅन करून, फाइलला नाव देऊन पाठवा. काही विचारायचं असेल तर एकच ईमेल, विषयात अर्जाचा क्रमांक. जुना गुन्हा किंवा पेनल्टी पॉइंट असतील तर स्वतःहून लिहा. तसं प्रकरण कौन्सिलच्या उपसमितीपुढे गेलं तर पुढच्या बैठकीच्या तारखेची वाट बघावी लागते, आणि लपवलेलं सापडलं तर त्यावरच नकार येऊ शकतो.

नूतनीकरणाला निदान चार महिने आधी लागा. अर्ज पडून आहे म्हणून मुदत संपलेल्या लायसन्सवर भाडं घेता येईल असं गृहीत धरू नका. प्राधिकरणाचं लेखी उत्तर हातात असेल तरच गाडी काढा, कारण विम्याचा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

आणि चालकाचा बॅज (लायसन्सचा बिल्ला) हातात येईपर्यंत गाडीचा करार करू नका. गाडीचं लायसन्स वेगळं, तिची तपासणी वेगळी, हप्ता मात्र सही केल्याच्या महिन्यापासून सुरू होतो.